बी.ए.चं चौथं वर्ष: ७५ टक्क्यांचं गणित

नांदगाव-मनमाडकडच्या बी.ए.वाल्यांनो, तीन वर्षांत पदवी मिळतेच. चौथं वर्ष ऐच्छिक आहे. मग कशाला करायचं?

चौथ्या वर्षाचे दोन प्रकार आहेत. साधी 'ऑनर्स' आणि 'ऑनर्स विथ रिसर्च'. दोन्हींना किमान १६० क्रेडिट लागतात, तीन वर्षांच्या पदवीला १२०. मात्र रिसर्चवाल्या वाटेवर यूजीसीच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्याची अट आहे: पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा जास्त. म्हणजे पहिल्या वर्षाचे गुणही मोजले जातात. 'एफ.वाय.ला कोण विचारतंय' म्हणणाऱ्यांनी हे लिहून ठेवा! या वाटेवर १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प असतो, साध्या ऑनर्सला त्याऐवजी जास्तीचे विषय.

माझ्या मते खरी मजा प्रकल्पातच आहे. मनमाडचं रेल्वे वर्कशॉप आणि तिथली कामगार वस्ती, तालुक्यातला दुष्काळ, कांद्याच्या शेतातल्या बायकांची मजुरी... इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र, तिन्हींना विषय दारातच आहेत.

फायदा? चार वर्षांच्या पदवीनंतर एम.ए. एका वर्षात होतं. ७५ टक्के असतील तर एम.ए. न करता थेट पीएच.डी.च्या प्रवेशप्रक्रियेत उतरता येतं. राखीव प्रवर्गांना इथे ५ टक्के सवलत आहे.

एक गोष्ट मात्र आधी विचारा: तुमच्या विषयाच्या विभागात पीएच.डी.चे मार्गदर्शक आहेत का? रिसर्चचं चौथं वर्ष प्रत्येक कॉलेजात, प्रत्येक विषयाला मिळेलच असं नाही.