तबला लावायचा कसा?

मैफल सुरू होण्यापूर्वी तबलजी हातोडी घेऊन ठाकठूक करू लागला, की श्रोते घड्याळाकडे पाहू लागतात. 'हे सारे घरूनच करून का येत नाहीत?' असा प्रश्न एके काळी मीही शेजाऱ्याला विचारलेला आहे. गेल्या वर्षी स्नेहसंमेलनात ती हातोडी माझ्याच हातात आली आणि पाच मिनिटांत तबल्याची पुडी फाटली. त्या अपघातानंतर जे शिकलो, ते माझ्यासारख्या इतर नवशिक्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी तो अपघात कसा झाला ते सांगतो. आमच्या संगीत मंडळाचा तबला काळी एकचा. गाणारी मैत्रीण गाणार होती काळी चारमध्ये. तबला गायकाच्या षड्जाला नाही तर पंचमाला लावतात, एवढेच माझे ज्ञान. काळी चारचा पंचम म्हणजे काळी दोन. तेव्हा तबला एक पूर्ण स्वर वर चढवायला हवा, असा हिशेब मी केला. गठ्ठे खाली ठोकले, वरून गजऱ्यावर घाव घातले आणि स्वर जवळ येतोसा वाटत असतानाच चाटेपाशी 'टप्' असा आवाज झाला. बिचारीने नुसत्या पेटीवर भजन म्हटले. पुढे दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

पुडी बदलायला तबला एका वयस्क कारागिरांकडे नेला. त्यांनी विचारले, "भजन कुठल्या रागातलं होतं?" म्हटले, "मालकंस." ते हसले नाहीत, हेच मला अधिक लागले. मालकंसात पंचम वर्ज्य आहे. तिथे तबला लावायचा तो षड्जाला किंवा मध्यमाला, आणि काळी चारचा मध्यम म्हणजे काळी एक! तबला होता तिथेच बरोबर होता. जो स्वर त्या रागात नाही, तो गाठण्यासाठी मी पुडी फोडली होती.

तेव्हा तबला लावण्याचा विचार हातोडीपासून नव्हे, तबला निवडण्यापासून सुरू होतो. प्रत्येक तबल्याचा स्वभाव त्याच्या तोंडावर ठरतो. तोंड ५.२५ ते ५.५ इंचांचे असेल, तर तो साधारणपणे काळी एक ते काळी दोनच्या आसपास सुखाने बोलतो. पुरुष गायकांचा षड्ज बहुधा याच टापूत असतो. काळी चार-पाचात गाणाऱ्या स्त्रियांसाठी सहा इंचांच्या आसपासचा, मोठ्या तोंडाचा ढाला तबला लागतो. आपल्या स्वभावापासून तबला अर्धा स्वर इकडेतिकडे सरकतो. त्याहून अधिक ओढला तर फाटतो, अधिक उतरवला तर आवाज मेल्यासारखा होतो. दुकानात गेल्यावर आपण आधी चकचकीत डग्ग्याकडे पाहतो. त्याऐवजी आपण कोणाबरोबर वाजवणार आहोत हे आधी सांगावे. खोड शिसवीचे किंवा खैराचे, हातात घेतल्यावर जड लागणारे असावे.

पुडी घेताना ती उजेडाकडे धरून पाहावी. बकऱ्याचे कातडे सगळीकडे सारख्या जाडीचे हवे. एक बाजू जाड नि एक पातळ असेल, तर ती पुडी जन्मात एका स्वरात लागणार नाही. पातळ कातड्याचा आवाज मोकळा पण आयुष्य थोडे. शिकणाऱ्याचा हात जड असतो, त्याने मध्यम जाडीचे घ्यावे. मग शाई पाहावी. लोहचूर्ण आणि खळ यांचे थरावर थर देऊन, प्रत्येक थर दगडाने घोटून ती बसवतात. घोटताना तिला केसासारख्या बारीक भेगा पडतात. मला आधी तो दोष वाटला होता. पण त्या भेगांमुळेच एवढा कठीण थर कातड्याबरोबर हलू शकतो. टवका उडालेला असेल, तर मात्र ती पुडी ठेवून द्यावी.

या काळ्या टिकलीचे महत्त्व किती, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी एका सहकाऱ्यासह १९२० साली 'नेचर' या नियतकालिकात मांडले आणि पुढे १९३४ मध्ये सविस्तर लिहिले. साध्या, ताणलेल्या गोल कातड्यावर थाप मारली, तर निघणारे उपस्वर मूळ स्वराच्या सरळ पटीत नसतात. पहिलाच उपस्वर सुमारे १.५९ पट असतो. म्हणून नुसत्या ढोलातून गोंगाट निघतो, स्वर नव्हे. मधोमध शाईचे वजन पडले, की हेच उपस्वर दुप्पट, तिप्पट, चौपट असे जवळजवळ सरळ पटीत येतात, म्हणजे तारेसारखे. तबला तंबोऱ्याशी जुळू शकतो तो यामुळे. शाईवर घामट हात किंवा पाण्याचा थेंब का चालत नाही, हेही यावरून ध्यानात येईल.

आता प्रत्यक्ष लावणे. आधी पेटीचा किंवा तंबोऱ्याचा स्वर कानात भरून घ्यावा. (मोबाइलमधला तंबोराही चालतो, मात्र काटा पाहून लावण्याची सवय लागली तर कान आळशी होतो, असे माझे मत.) अनामिका शाईच्या कडेवर हलकेच टेकवून चाटेवर तर्जनीने 'ना' वाजवावा. तबल्याचा स्वर म्हणजे हा 'ना'; उघडा 'तूं' ऐकून लावू गेलात तर फसाल. स्वर बराच दूर असेल तर गठ्ठे हलवावेत. खोड खाली रुंद असते, म्हणून गठ्ठा खाली सरकला की वादी ताणली जाते आणि स्वर चढतो. थोडाच फरक असेल तर गठ्ठ्यांना हात लावू नये. गजऱ्यावर वरून मारले की स्वर चढतो, खालून वर मारले की उतरतो. घाव गजऱ्यावरच पडावा. चाटेवर पडला की माझ्यासारखी गत होते.

खरी कसोटी पुढेच आहे. गजऱ्याला सोळा घरे असतात आणि सोळाही घरांतून एकच 'ना' यायला हवा. नवशिका एका घराला सुरात आणतो, मग शेजारच्या घराकडे वळतो, आणि फेरी पूर्ण होईतो पहिले घर पुन्हा बिघडलेले असते. म्हणून समोरासमोर जावे: पहिले घर झाले की नववे, मग पाचवे, मग तेरावे, मधली घरे त्यानंतर. पाश्चात्त्य ड्रमला स्क्रू असतात आणि १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कातड्याच्या जागी प्लॅस्टिकचा पडदा आला. पण तो लावणारेही स्क्रू असेच समोरासमोर पिळतात. घर किंचित उतरलेले असेल, तर 'ना'च्या आसेत हेलकावा ऐकू येतो. तो थांबेपर्यंत हलक्या हाताने ठोकत राहावे. पहिल्या दिवशी मला हा हेलकावा ऐकूच आला नाही, आठवडाभराने आला.

डग्ग्याला एवढा काटेकोरपणा लागत नाही. मनगटाच्या दाबाने घिस्सा काढता यावा इतका तो सैल आणि घुमारा टिकावा इतका ताठ असला, की पुरे. अतिउत्साहाने तो आवळला, तर घुमारा जातो.

राहता राहिला श्रोत्यांचा प्रश्न. कातडे हवेतला ओलावा पिते आणि उतरते. ऊन किंवा रंगमंचावरचे दिवे लागले की चढते. घरी सुरात लावलेला तबला पावसाळ्यात सभागृहापर्यंत पोहोचेतो सुरात राहील, याची हमी कोणी देऊ शकत नाही. म्हणून नामांकित तबलजीसुद्धा मैफलीच्या मध्येच हातोडी उचलतात.

आमच्या तबल्याची नवी पुडी तीन-चार दिवसांत ताणून उतरली, तेव्हा त्याच कारागिरांकडून वादी पुन्हा ओढून आणली. सध्या तबला मंडळाच्या कपाटात आहे, काळी एकलाच. हातोडी मात्र चिटणीसांनी स्वतःच्या ताब्यात ठेवली आहे.