जुन्या मीटरांना नवी जोड

जुना रेडिओ जपणारी माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत. आजोबांचा मर्फी किंवा फिलिप्स वाजता राहावा म्हणून व्हॉल्व्हच्या शोधात कुणी मुंबईचा लॅमिंग्टन रोड पालथा घालतं, कुणी पुण्याच्या तापकीर गल्लीत खेटे घालतं. पण असे रेडिओ ज्या उपकरणांवर तपासले आणि जुळवले जातात, त्या उपकरणांची आस्था फार थोड्यांना आहे. सिग्नल जनरेटर, फ्रिक्वेन्सी काउंटर, डिस्टॉर्शन ॲनलायझर, स्पेक्ट्रम ॲनलायझर ही यंत्रं एके काळी फक्त मोठ्या प्रयोगशाळांना परवडत. आज ती लिलावात किलोच्या भावाने निघतात. का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: जुनी झाली, कॉम्प्युटरला जोडता येत नाहीत, सुटे भाग मिळत नाहीत.

यातलं पहिलं कारण खरं आहे. दुसरं बहुतेक वेळा चुकीचं आहे आणि तिसऱ्यावर बऱ्याचदा उपाय सापडतो. थोडं सॉफ्टवेअर आणि चार-दोन जोडवस्तू हाताशी असल्या, तर ही उपकरणं आजही चोख काम देतात. काही बाबतींत ती आजच्या स्वस्त उपकरणांना मागे टाकतात.

झिजतं काय, टिकतं काय

मापनाचं कोणतंही उपकरण उघडलं की आत दोन तऱ्हेचे भाग दिसतात. एक प्रत्यक्ष मोजणारा: अचूक रेझिस्टर, ॲटेन्युएटर, फिल्टर, क्रिस्टल. दुसरा त्याला साथ देणारा: पॉवर सप्लाय, पडदा, मेमरी, बटणं, गिअर. चाळीस-पन्नास वर्षांत बिघडतो तो मुख्यतः दुसरा.

ह्यूलेट-पॅकार्ड म्हणजे एचपी कंपनीचा ८६४०बी हा १९७० च्या दशकातला सिग्नल जनरेटर घ्या. तो ५०० किलोहर्ट्झपासून ५१२ मेगाहर्ट्झपर्यंत सिग्नल देतो. त्याचा गाभा म्हणजे धातूची एक ट्यून होणारी पोकळी, म्हणजेच कॅव्हिटी. तिच्यातून निघणारा सिग्नल इतका स्वच्छ असतो, की आजचे कितीतरी स्वस्त सिंथेसायझर फेज नॉइजच्या बाबतीत त्याच्या पासंगाला पुरत नाहीत. शेजारच्या चॅनेलवरचा दणकट सिग्नल रिसीव्हर किती अडवतो हे पाहायचं असेल, तर जनरेटर स्वच्छच हवा. जनरेटरचाच नॉइज शेजारी सांडला, तर दोष कुणाचा हे ठरवता येत नाही. असा हा जनरेटर बंद पडलेला सापडतो तो बऱ्याचदा प्लॅस्टिकच्या गिअरांना तडे गेल्यामुळे. हे गिअर पितळेत घडवता येतात, थ्रीडी प्रिंटरवर काढता येतात. एवढ्याशा गिअरसाठी ती कॅव्हिटी भंगारात घालणं हा मोठा तोटा आहे.

मागच्या बाजूचं सॉकेट

आता कॉम्प्युटरला जोडण्याचं पाहू. १९६० च्या दशकात एचपीने आपल्या उपकरणांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून एक सामाईक केबल-पद्धत आखायला घेतली. १९७५ मध्ये तिला आयईईई ४८८ हा मानक क्रमांक मिळाला. पुढे साऱ्या जगात ती जीपीआयबी या नावाने रूढ झाली. त्या काळातल्या चांगल्या उपकरणाच्या पाठीला हे चोवीस पिनांचं रुंद सॉकेट हमखास सापडतं. एका केबलमालिकेवर कॉम्प्युटर धरून पंधरा उपकरणं बसतात आणि प्रत्येकाला ० ते ३० मधला स्वतःचा पत्ता असतो.

ही पद्धत इतकी टिकली याचं कारण तिच्या हस्तांदोलनात आहे. आठ तारांवरून एका वेळी एक अक्षर जातं. पाठवणारा म्हणतो, ‘अक्षर तयार आहे’. ऐकणारे म्हणतात, ‘घेतलं’. सर्वांनी घेतल्याशिवाय पुढचं अक्षर निघत नाही. त्यामुळे आधी वेग ठरवून घेण्याची गरजच पडत नाही. १९७८ सालचं संथ उपकरण आणि आजचा वेगवान लॅपटॉप एकाच केबलवर विनातक्रार नांदतात, ते यामुळे.

लॅपटॉपला हे सॉकेट नसतं, म्हणून मध्ये अडॅप्टर लागतो. यूएसबीवर चालणारे तयार अडॅप्टर मिळतात. हौशी मंडळींसाठी एआर४८८ नावाचा मुक्त प्रकल्प आहे. त्यात साध्या आर्डुइनो बोर्डावर प्रोग्रॅम चढवून आणि जीपीआयबीचा प्लग जोडून अडॅप्टर घरी बनवता येतो. पुढचं काम पायथन भाषेत होतं. तिथे उपकरणांशी संभाषणासाठी पायव्हिसा ही फुकट लायब्ररी आहे.

एक अडचण मात्र असते. १९९० मध्ये स्किपी ही सामाईक आज्ञाभाषा आली. त्याआधीच्या प्रत्येक उपकरणाची बोली वेगळी होती. एचपी ३४७८ए मल्टीमीटरला ‘एफ १’ म्हटलं की तो डीसी व्होल्ट मोजतो, ‘एफ ३’ म्हटलं की ओहम. एचपी ३३२५ए जनरेटरला ४५५ किलोहर्ट्झ हवे असतील, तर ‘एफआर ४५५ केएच’ असं सांगावं लागतं. या बोली मॅन्युअलमध्ये सविस्तर दिलेल्या असतात. त्या काळातली मॅन्युअलं सर्किटांसह छापलेली असत आणि त्यांतली पुष्कळशी आज स्कॅन करून फुकट उपलब्ध आहेत. उपकरणाइतकंच त्याचं मॅन्युअल मोलाचं आहे.

दोन जुनी उपकरणं, एक वॉबुलेटर

याचा उपयोग काय, हे एका कामातून दाखवतो. व्हॉल्व्ह रेडिओचा आयएफ, म्हणजे रेडिओ प्रत्येक स्टेशन ज्या मधल्या फ्रिक्वेन्सीवर आणतो ती, जुळवायचा आहे. बहुतेक मीडियम वेव्ह रेडिओंत तो ४५५ किलोहर्ट्झच्या आसपास असतो. पूर्वी यासाठी कारखान्यांत वॉबुलेटर असे. तो फ्रिक्वेन्सी मागेपुढे झुलवी आणि ऑसिलोस्कोपवर आयएफचा आलेख उमटे. आज तेच काम वरच्या दोन उपकरणांकडून करून घेता येतं.

३३२५ए चा पत्ता १७ आणि ३४७८ए चा २३, कारखान्यातून आले तसेच. जनरेटरचा सिग्नल छोट्या कपॅसिटरमधून मिक्सरच्या ग्रिडवर द्यायचा. रेडिओचा स्वतःचा ऑसिलेटर थांबवायचा. मीटर डिटेक्टरच्या लोडवर लावायचा. सिग्नल बेताचा ठेवायचा, नाहीतर एजीसी, म्हणजे सिग्नल वाढला की गेन आपोआप कमी करणारं सर्किट, मध्ये पडून आलेख चपटा करतं. मग प्रोग्रॅम ४३५ पासून ४७५ किलोहर्ट्झपर्यंत एकेक किलोहर्ट्झने पुढे सरकतो, प्रत्येक पायरीवर क्षणभर थांबतो आणि मीटरचं वाचन टिपतो. एकेचाळीस बिंदू झाले की पडद्यावर आयएफचा डोंगर उभा राहतो.

हा डोंगर वाचता आला की रेडिओची प्रकृती कळते. शिखर ४५५ वर आहे की ४६१ वर? दोन्ही उतार सारखे आहेत का? व्होल्टेज निम्म्यावर येतं तिथे रुंदी किती? मीडियम वेव्हवर आपल्याकडे स्टेशनं नऊ किलोहर्ट्झच्या अंतराने बसतात, त्यामुळे डोंगर फार पसरट असला तर शेजारचं स्टेशन घुसणार. ट्रान्सफॉर्मरचा कोअर पाव फेरा फिरवा, प्रोग्रॅम पुन्हा चालवा, आधीच्या आलेखावर नवा ठेवून पाहा. कानाने किंवा आउटपुट मीटरच्या सुईने केलेल्या जुळणीत हा फरक दिसतच नाही.

पुढचं काम डायलचं. आकाशवाणी पुणे ७९२ किलोहर्ट्झवर यायला हवं असेल, तर रेडिओचा ऑसिलेटर ७९२ अधिक ४५५, म्हणजे १२४७ किलोहर्ट्झवर चालायला हवा. तो काउंटरवर मोजताना प्रोब थेट ऑसिलेटरला लावू नये. प्रोबच्या कपॅसिटन्समुळेच फ्रिक्वेन्सी घसरते. तारेचा दोन-तीन वेढ्यांचा लूप कॉइलजवळ धरला की स्पर्श न करता आकडा मिळतो.

आधी कॅलिब्रेशन वाचवा

३४७८ए ची एक नाजूक गोष्ट आवर्जून सांगायला हवी, कारण त्या पिढीतल्या पुष्कळ उपकरणांची कथा तीच आहे. या मीटरमध्ये कॅलिब्रेशनसाठी स्क्रूने फिरवायचे प्रीसेट जवळजवळ नाहीत. प्रत्येक रेंजच्या दुरुस्तीचे आकडे एका छोट्या रॅममध्ये असतात आणि त्या रॅमला बोर्डावर सोल्डर केलेली तीन व्होल्टची लिथियम बॅटरी जिवंत ठेवते. बॅटरी संपली की आकडे गेले. मीटर धडधाकट, पण त्याच्या वाचनावर भरवसा नाही. मग प्रयोगशाळेत नव्याने कॅलिब्रेशन करावं लागतं आणि त्याचा खर्च मीटरच्या किमतीवर जाऊ शकतो.

यावर सॉफ्टवेअरचा उपाय आहे. या मीटरला ‘डब्ल्यू’ हे अक्षर आणि त्यापुढे ० ते २५५ पैकी एक पत्ता पाठवला, की तो त्या जागेवरचा आकडा परत देतो. असे २५६ आकडे क्रमाने वाचले की पूर्ण कॅलिब्रेशन हाती येतं. ही फाइल टंकलेखनाच्या पाच-सहा ओळींत मावते. ती दोन-तीन ठिकाणी जपून ठेवायची आणि मगच बॅटरी बदलायची. बदलताना दुसरा तीन व्होल्टचा पुरवठा समांतर लावला, तर आकडे जागेवरच राहतात. तरीही गेले, तर पुढच्या पॅनेलवरचं कॅलिब्रेशनचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने फिरवून फाइल परत लिहिता येते.

हाच नियम इतरत्र लावा. जुन्या ईप्रॉममधला चार्ज वर्षांगणिक गळतो, म्हणून साध्या प्रोग्रॅमरवर तिची प्रत काढून ठेवावी. काही ऑसिलोस्कोपांत बॅटरी मेमरी चिपच्या पोटातच असते. तिथे मजकूर वाचून घेऊन बॅटरी न लागणारी एफरॅम चिप बसवता येते.

एकमेकांची उणीव भरताना

जुन्या-नव्याची सर्वांत सुंदर जोडी मला डिस्टॉर्शन ॲनलायझर आणि साउंडकार्ड यांची वाटते. एचपी ३३९ए सारखं उपकरण ॲम्प्लिफायरला एक किलोहर्ट्झचा शुद्ध सूर देतं, बाहेर आलेल्या सिग्नलमधून तो सूर नॉच फिल्टरने जवळजवळ पुसून टाकतं आणि उरलेला गाळ मीटरवर दाखवतं. पण सुई एकच आकडा सांगते. त्यात हम किती, हार्मोनिक किती, नुसता नॉइज किती हे कळत नाही. साउंडकार्डला हे वेगळं करता येतं, पण मूळ सूर मोठा असेल तर त्याचं स्वतःचंच डिस्टॉर्शन मोजणीत मिसळतं. म्हणून ॲनलायझरच्या मॉनिटर आउटपुटमधला गाळ साउंडकार्डला द्यायचा. १०० हर्ट्झला काठी उभी राहिली तर सप्लायचा फिल्टर कपॅसिटर बघा. दोन किलोहर्ट्झची काठी उंच असेल तर सिंगल-एंडेड टप्प्याकडे वळा. एकट्याने दोघांनाही न जमणारं मोजमाप ही जोडी करते.

दुसरी जोडी काउंटर आणि जीपीएस यांची. जुन्या काउंटरचा क्रिस्टल दहा लाखांत एक भाग चुकत असेल, तर दहा मेगाहर्ट्झवर दहा हर्ट्झची चूक होते. चांगल्या काउंटरच्या मागे बाहेरचा संदर्भ देण्याचं सॉकेट असतं. जीपीएस उपग्रहांवर आण्विक घड्याळं आहेत आणि त्यांच्या वेळेला बांधलेला दहा मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर आता हौशी माणसाच्या आवाक्यात आला आहे. तो जोडला की दिवसभराच्या सरासरीत चूक दहा अब्जांत एक भागापर्यंत खाली येते. एकच केबल लावायची, आणि काउंटरची जात बदलते.

तिसरी जोडी प्लॉटरची. त्या काळातल्या ॲनलायझरवर ‘प्लॉट’चं बटण असे. ते दाबलं की एचपीजीएल भाषेत आज्ञा निघत: पेन वर, पेन खाली, इथून तिथे जा. प्लॉटर गेले, पण लॅपटॉपवरचा फुकट प्रोग्रॅम प्लॉटरचं सोंग घेऊन त्या आज्ञा ऐकतो आणि स्वच्छ आलेख फाइलमध्ये उतरवतो. मंद झालेला पडदाही मग आड येत नाही. जीपीआयबी नसलेल्या त्याहून जुन्या उपकरणांना मागे रेकॉर्डरचं आउटपुट असतं. त्याला सोळा बिटांचा छोटा एडीसी बोर्ड लावला की तीही बोलू लागतात.

नॅनोव्हीएनए आणि टायनीएसए यांसारखी आजची तळहाताएवढी उपकरणं मी वापरतो आणि त्यांचा आदर करतो. अँटेना तपासायला गच्चीवर मोठा ॲनलायझर कोण नेणार? पण १९७० च्या दशकाच्या अखेरीस आलेला एचपी ८५६८ हा स्पेक्ट्रम ॲनलायझर १०० हर्ट्झपासून १.५ गिगाहर्ट्झपर्यंत पाहतो आणि त्याचं रिझोल्यूशन दहा हर्ट्झपर्यंत उतरतं. बारीक कामात त्याची सर खिशातल्या उपकरणाला येत नाही.

जपून

वर्षानुवर्षं पडून असलेलं उपकरण एकदम मेन्सला लावू नका. अमेरिकेतून आलेलं असेल तर व्होल्टेज सिलेक्टर पाहा, १२० वर असेल तर २३० वर धूर निघेल. ट्रान्सफॉर्मरवर चालणारा साधा सप्लाय असेल तर पहिल्यांदा सिरीज बल्ब लावून सुरू करा. मेन्स फिल्टरमधले जुने मेटलाइज्ड कागदी कपॅसिटर तडकून पेट घेतात, ते आधी काढा. पिक्चर ट्यूबच्या हाय व्होल्टेजला बंद केल्यानंतरही हात लावू नका.

आणि ॲनलायझरच्या तोंडाशी थेट ट्रान्समीटर कधीही जोडू नका. बहुतेकांची मर्यादा एक वॉट असते. पंचवीस वॉटचा सेट तपासायचा तर मध्ये तेवढी शक्ती पेलणारा तीस डीबीचा ॲटेन्युएटर हवा, म्हणजे पंचवीस मिलिवॉटच पुढे जातात. काही इनपुटांना डीसी अजिबात चालत नाही, तिथे डीसी ब्लॉक लावा. या दोन छोट्या जोडवस्तू न बदलता येणारा मिक्सर वाचवतात.

महाराष्ट्रातल्या कितीतरी अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या, पॉलिटेक्निकांच्या आणि कारखान्यांच्या कपाटांत अशी उपकरणं अजून आहेत. त्यांच्या चाव्या ज्यांच्याकडे आहेत त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. निर्लेखनाच्या यादीवर सही करण्याआधी मागचं सॉकेट पाहा. आत बॅटरी असेल तर मेमरीची प्रत काढून घ्या. मॅन्युअल उपकरणापासून वेगळं करू नका. आणि तुम्हाला नकोच असेल, तर ते एखाद्या हौशी रेडिओ क्लबला किंवा शिकणाऱ्या मुलांना द्या. नव्या उपकरणात उत्तर थेट मिळतं. ते उत्तर कसं तयार होतं, हे शिकवणारी उपकरणं मात्र हीच आहेत, आणि ती पुन्हा कुणी बनवणार नाही.