मुक्त लेखक आणि समाजमाध्यमे
कोणत्याही संस्थेत नोकरी न करता कामागणिक मोबदला घेऊन लिहिणाऱ्या मुक्त लेखकासाठी समाजमाध्यमे म्हणजे कामाचा नमुना मांडण्याची जागा. 2003 साली सुरू झालेले लिंक्डइन व्यावसायिक ओळखींसाठीच आहे. भाषांतर, मुद्रितशोधन किंवा जाहिरातलेखनाची कामे देणारे तेथे सहज भेटतात. फेसबुकवर वाचक जमतो, पण वाचक म्हणजे ग्राहक नव्हे, हा फरक नवे लेखक बरेचदा विसरतात.

लेखकांच्या व्हॉट्सअॅप आणि फेसबुक गटांचा खरा उपयोग माहितीसाठी होतो: शब्दामागे दर काय चालतो, पैसे कोण वेळेवर देते, कोण ‘नमुना’ म्हणून अख्खा लेख फुकट लिहून घेते. गटात आधी इतरांच्या प्रश्नांना उत्तरे देणाऱ्याचेच नाव काम निघाल्यावर सुचवले जाते.

एक धोका मोठा आहे. अनेक दिवाळी अंकांना अप्रकाशित साहित्यच हवे असते, आणि फेसबुकच्या भिंतीवर टाकलेली कथा संपादकांच्या लेखी प्रकाशितच ठरू शकते. तेव्हा तेथे उतारा द्यावा, पूर्ण लेखन नव्हे.

काम गप्पांतून ठरले तरी दर, मुदत आणि हक्क ईमेलवर लिहून घ्यावेत. कॉपीराइट कायदा, 1957 नुसार नोकरीबाहेर केलेल्या लेखनाचा पहिला मालक सर्वसाधारणपणे लेखकच असतो. हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी व्हावे लागते. करारात हस्तांतरणाची मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षांची मानली जाते.