जुनी संगणक-नियतकालिके : रद्दी की संदर्भसाधन?

महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जागा अपुरी पडली की सर्वांत आधी बाहेर जातात ती संगणकविषयक मासिके. संगणकाचे ज्ञान दोन वर्षांत शिळे होते, हा त्यामागील समज. सौंसर-पांढुर्णा भागात असे गठ्ठे किलोच्या भावाने जाताना आम्ही पाहिले आहेत. या अंकांचे मूल्य कशावर ठरते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१९ एप्रिल १९६५ च्या 'इलेक्ट्रॉनिक्स' या अमेरिकन नियतकालिकात गॉर्डन मूर यांचा लेख आला. आपण वर्गात शिकवतो त्या 'मूरच्या नियमा'चा उगम हाच. मूर पुढे इंटेल कंपनीचे सहसंस्थापक झाले. परंतु मूळ अंक ना त्यांच्याकडे उरला, ना कंपनीकडे. २००५ मध्ये इंटेलने सुस्थितीतील अंकासाठी १०,००० डॉलर देऊ केले. अंक मिळाला तो इंग्लंडमधील एका अभियंत्याच्या घरी, लाकडी जमिनीच्या फळ्यांखाली.

यावरून दिसते की केवळ जुनेपणाला किंमत नसते. एखाद्या गोष्टीची पहिली नोंद, अंकाची स्थिती आणि उरलेल्या प्रतींची संख्या या तीन बाबी निर्णायक ठरतात. 'अल्टेअर ८८००' मुखपृष्ठावर असलेला जानेवारी १९७५ चा 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' म्हणूनच संग्राहक शोधतात. वार्तापत्रे तर थोड्याच प्रतींत निघत व वाचून टाकून दिली जात. कॅलिफोर्नियातील 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब'च्या अशाच वार्तापत्रात १९७६ मध्ये बिल गेट्स यांचे सॉफ्टवेअरच्या फुकट नकलांविरुद्धचे पत्र छापले गेले.

भारतात 'डेटाक्वेस्ट' १९८२ मध्ये व 'पीसीक्वेस्ट' १९८७ मध्ये सुरू झाले. पुढे अशा मासिकांसोबत सीडी येऊ लागल्या. सीडी हरवली असेल तर अंक अपूर्ण समजावा. या अंकांना बाजारात मोठा भाव येईलच असे नाही. अभ्यासकाला मात्र त्यांतील जाहिरातीही मोलाच्या आहेत. त्या काळी संगणक केवढ्याला मिळे, त्याची स्मृतिक्षमता किती, देवनागरी किंवा उर्दू अक्षरजुळणीची कोणती सोय होती, हे तेथे तारखेसह सापडू शकते. १९८१ मध्ये 'नूरी नस्तालीक' आले, १९९४ मध्ये 'इनपेज'. जुन्या इनपेजमधील मजकूर आज रूपांतर केल्याशिवाय इतरत्र नीट वाचता येत नाही. फाइल मुकी होते, छापील पान बोलत राहते.

म्हणून रद्दी काढण्यापूर्वी प्राध्यापकांनी एक दिवस द्यावा. पहिले अंक, विशेषांक व सलग वर्षे वेगळी काढावीत; मुखपृष्ठे व जाहिराती फाडू नयेत; बांधणी करताना कडा कापू नयेत; सीडीची नोंद अंकासोबतच करावी. आपल्या दोन्ही लिप्या संगणकावर कशा आल्या, हे उद्या एखादा विद्यार्थी विचारील. त्याचे उत्तर कदाचित याच गठ्ठ्यात असेल.