रोज पोट साफ व्हायलाच हवं का?

सकाळी उठल्यावर एकदा पोट साफ झालंच पाहिजे, नाहीतर काहीतरी बिघडलंय, ही समजूत आपल्या घरांत फार पक्की आहे. एक दिवस खाडा पडला की वडीलधारी माणसं चौकशी सुरू करतात आणि रात्री झोपताना चूर्णाचा डबा समोर येतो. वस्तुस्थिती अशी, की दिवसातून 3 वेळा ते आठवड्यातून 3 वेळा, इतक्या मोठ्या पट्ट्यात निरोगी माणसांच्या सवयी असतात. ज्याला वर्षानुवर्षं एक दिवसाआड होतं, मऊ होतं, कुंथावं लागत नाही, त्याला बद्धकोष्ठता नाही. त्याला औषध नको.

उलटही तितकंच खरं आहे. रोज तीनदा संडासात जाऊन दर वेळी लेंड्यांसारखे चार खडे पडत असतील, बराच जोर करावा लागत असेल आणि बाहेर आल्यावरही ‘अजून राहिलंय’ असं वाटत असेल, तर ती बद्धकोष्ठताच. डॉक्टर दिवस मोजण्यापेक्षा या गोष्टी विचारतात. त्यासाठी जगभर वापरला जाणारा एक सोपा तक्ता ब्रिस्टलच्या संशोधकांनी 1997 मध्ये तपासून मांडला. त्यात मलाचे 7 प्रकार चित्रांनी दाखवले आहेत. पहिला सुटे कडक खडे, दुसरा गाठीगाठींचा, तिसरा आणि चौथा चांगला, आणि सातवा निव्वळ पाणी. पहिले दोन वारंवार दिसत असतील तर विचार करायला हवा. डॉक्टरांसमोर ‘पोट साफ होत नाही’ असं मोघम सांगण्यापेक्षा प्रकार क्रमांक सांगितला, तर निम्मं काम होतं.

‘मळ साठला की त्याचं विष रक्तात भिनतं’

ही भीती फक्त आपली नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनचे नामांकित शल्यचिकित्सक सर विल्यम आर्बथनॉट लेन हेच मानत. साठलेल्या मळातून शरीराला विषबाधा होते, असा त्यांचा सिद्धांत होता आणि त्यापायी त्यांनी अनेक रुग्णांचं मोठं आतडंच काढून टाकलं. पुढे हा सिद्धांत टिकला नाही. अमेरिकेत काही डॉक्टरांनी निरोगी माणसांच्या गुदाशयात कापसाचे बोळे भरून पाहिले, तर डोकं जड होणं, मरगळ, बेचैनी ही सगळी लक्षणं तशीच उमटली. बोळे काढताच ती थोड्या वेळात गेली. कापसात विष नव्हतं. गुदाशय ताणला गेला की नसांमार्फत ती बेचैनी जाणवते, इतकंच. तेव्हा बद्धकोष्ठतेत अस्वस्थ वाटतं हे खरं, पण रक्त नासतं हे खोटं. आतडी ‘डिटॉक्स’ करण्याची महागडी पॅकेजं याच मोडीत निघालेल्या सिद्धांतावर उभी आहेत. नळीने वारंवार आतडी धुण्याचा फायदा सिद्ध झालेला नाही आणि आतड्याला इजा झाल्याची उदाहरणं मात्र नोंदलेली आहेत.

आतड्याचं खरं काम समजून घेतलं तर बऱ्याच गोष्टी उलगडतात. लहान आतड्यातून रोज साधारण दीड लिटर पातळ द्रव मोठ्या आतड्यात येतो. मोठं आतडं त्यातलं बहुतेक पाणी शोषून घेतं. अन्नाचा उरलेला भाग तिथे जितका जास्त रेंगाळेल तितका तो कोरडा होतो आणि खडा बनतो. जाग आल्यावर आणि काही खाल्ल्या-प्यायल्यावर मोठ्या आतड्याच्या हालचाली जोरात होतात. सकाळच्या चहानंतर ‘येतं’ ते म्हणूनच. त्या वेळी आलेली भावना दाबली की ती काही वेळाने विरते, आणि रोज दाबली की गुदाशयाची जाणीवच बोथट होत जाते.

आणि दाबावी लागणारी माणसं आपल्याकडे किती आहेत! पहाटेची लोकल पकडणाऱ्या बायका, एस.टी.चे चालक-वाहक, बंदोबस्तावरच्या महिला पोलीस, शाळेच्या संडासाला कडी नाही म्हणून दिवसभर पाणीच न पिणाऱ्या मुली. यांना ‘जास्त भाजी खा’ एवढंच सांगणं मला अपुरं वाटतं. शाळेत, स्थानकावर, डेपोत स्वच्छ, पाणी असलेला, आतून बंद होणारा संडास हाही बद्धकोष्ठतेवरचाच उपाय आहे.

‘पेरू खाल्ला की खडा होतो, केळं खाल्लं की पोट साफ होतं’

राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांत 100 ग्रॅम पेरूमध्ये तंतुमय भाग 8 ग्रॅमच्या आसपास दिला आहे, तर पिकलेल्या केळ्यात साधारण 2 ग्रॅम. म्हणजे ज्या फळाला आपण घाबरतो, तेच जास्त उपयोगी. बिया न चावता गिळल्या तरी त्या मलाबरोबर निघून जातात. केळं वाईट नाही, पिकलेलं खावं. कच्च्या केळ्याने मात्र काहींना आवळल्यासारखं होतं.

त्याच तक्त्यांत धान्यांची तुलना पाहण्यासारखी आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि चाळून कोंडा न काढलेली कणीक, या सगळ्यांत 100 ग्रॅममागे 10 ते 11 ग्रॅम तंतू आहेत. पांढरा तांदूळ आणि मैदा, दोन्हींत 3 ग्रॅमपेक्षा कमी. दिवसाला 25 ते 30 ग्रॅम तंतूंची गरज असते. दोन भाकऱ्या, मोड आलेल्या मटकीची उसळ, एक पालेभाजी आणि एक पेरू, एवढ्यात ती जवळजवळ भागते. सकाळी बिस्किटं, दुपारी वरण-भात, संध्याकाळी पाव आणि रात्री पुन्हा भात असं खाणाऱ्याची निम्मीही भागत नाही. यात भाकरी मागे पडल्याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण इतका स्वस्त आणि चविष्ट उपाय दुसरा नाही.

मात्र तंतू एकदम वाढवले की पोट फुगतं, वायू होतो आणि माणूस ‘मला भाकरी मानवत नाही’ म्हणून सोडून देतो. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावं. आणि बरोबर पाणी हवं. पाण्याबद्दलही एक गैरसमज आहे: सकाळी तांब्याभर पाणी प्यायलं की मळ सुटतो. जो आधीच पुरेसं पाणी पितो, त्याने आणखी दोन लिटर प्यायलं तर ते लघवीवाटे जाईल. कमी पिणाऱ्याला मात्र नक्की फरक पडतो, आणि तंतू वाढवणाऱ्याला पाणी लागतंच. बाळंतिणीला पाणी मोजून देण्याची पद्धत काही घरांत अजून आहे, ती थांबायला हवी.

इसबगोल हा याच जातीचा उपाय. उत्तर गुजरात आणि राजस्थानात पिकणाऱ्या एका रोपाच्या बियांचं ते टरफल. ते पाणी धरून फुगतं आणि मल मऊ, भरीव करतं. त्याचा परिणाम दिसायला दोन-तीन दिवस लागतात. रात्री घेतलं आणि सकाळी काही झालं नाही म्हणून निकामी ठरवू नये. ते मोठ्या पेलाभर पाण्यात घालून लगेच प्यावं. कोरडं तोंडात टाकून वर घोटभर पाणी पिणं धोक्याचं आहे. ते घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकू शकतं, विशेषतः वयस्कर माणसांच्या.

‘चूर्ण आयुर्वेदिक आहे, रोज घेतलं तरी काही होत नाही’

बाजारातल्या ‘पोट साफ’ करणाऱ्या अनेक चूर्णांत आणि गोळ्यांत मुख्य काम करते ती सोनामुखी. तीच सोनामुखी ॲलोपॅथीच्या रेचक गोळ्यांतही असते. ती आतड्याच्या भिंतीला चेतवून हालचाल घडवते. वनस्पती आहे म्हणून ती औषध नाही असं होत नाही. अधूनमधून घ्यायला हरकत नाही. पण रोजच्या सवयीचं चक्र असं चालतं: रेचकाने आतड्याचा मोठा भाग एकदम रिकामा होतो. तो पुन्हा भरायला दोन दिवस सहज लागतात. त्या दोन दिवसांत होत नाही, कारण बाहेर यायला काही नसतंच. माणूस घाबरतो आणि पुन्हा चूर्ण घेतो. अशी कित्येक वर्षं जातात. जास्त मात्रेत रोज घेतल्याने जुलाब होऊन शरीरातलं पोटॅशियम घटतं, अशक्तपणा येतो. हृदयाची किंवा लघवी वाढवणारी औषधं घेणाऱ्यांनी याबाबत विशेष जपावं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ‘औषधाची सवय लागते’ या धास्तीने पुष्कळ आजी-आजोबा कुंथत बसतात. लॅक्टुलोजचं सिरप किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर ही औषधं आतड्यात पाणी धरून ठेवतात. आतड्याला चेतवणं हे त्यांचं काम नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने ती दीर्घकाळ घेता येतात आणि त्यांनी आतडं आळशी होत नाही. इतक्या सुरक्षित औषधांना नकार देऊन रोज त्रास सोसणं मला अन्यायाचं वाटतं.

मुलांना महिन्यातून एकदा एरंडेल पाजायची रीत सोडून द्यावी. निरोगी मुलाचं पोट ‘धुवायला’ लागत नाही. गरोदरपणात तर एरंडेल घेऊच नये, त्याने गर्भाशयाला कळा येऊ शकतात.

‘बाळाला चार दिवस शी झाली नाही, काहीतरी द्या’

फक्त अंगावर पिणारं बाळ साधारण दीड महिन्याचं झालं की कधी कधी आठवडाभरही शी करत नाही. ते नीट पीत असेल, वजन वाढत असेल, पोट मऊ असेल आणि झालेली शी मऊ असेल, तर काहीही करायचं नाही. गुटी, साबणाची कांडी, मधाचं बोट, यातलं काहीच नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर देऊच नये. मात्र जन्मानंतर 48 तासांत पहिली काळी शी झाली नाही, किंवा पोट फुगून हिरवी उलटी झाली, तर तातडीने बालरोगतज्ज्ञ गाठावा.

थोड्या मोठ्या मुलांत वेगळाच घोळ होतो. एकदा कडक खडा होऊन चिरा पडतो, दुखतं, म्हणून मूल पाय आवळून धरून ठेवतं. आत गोळा साठतो आणि त्याच्या बाजूने पातळ मल चड्डीत झिरपतो. घरच्यांना वाटतं जुलाब होताहेत किंवा पोरगं मुद्दाम घाण करतंय, आणि त्याला मार बसतो. त्या मुलाला ते कळतही नसतं. त्याला महिनोन्महिने मल मऊ ठेवणारं औषध, जेवणानंतर दहा मिनिटं संडासात बसायची सवय आणि प्रेमाने वागणारी मोठी माणसं हवी असतात.

‘जोर केला की होतंच’

उकिडवं बसल्यावर गुदाशय आणि गुदद्वार यांच्यातला बाक सरळ होतो, म्हणून भारतीय पद्धतीच्या संडासात कमी जोर लागतो. गुडघेदुखीमुळे कमोड लागत असेल तर पायाखाली वीतभर उंच पाट ठेवावा आणि थोडं पुढे झुकून बसावं. मोबाईल बाहेर ठेवावा. त्याच्या नादात अर्धा-अर्धा तास बसून राहिल्याने मूळव्याधीला निमंत्रण मिळतं.

पण काहींच्या बाबतीत अडचण आतड्यात नसतेच. जोर करताना जे स्नायू सैल पडायला हवेत, तेच आवळले जातात. बंद दारावर आतून ढकलत राहावं तसा हा प्रकार. त्यांना कितीही तंतू आणि चूर्ण दिलं तरी गुण येत नाही. बायोफीडबॅक नावाच्या प्रशिक्षणाने ते स्नायू सैल सोडायला शिकता येतं आणि अनेकांना त्याने कायमचा आराम पडतो. बोटाने मल काढावा लागतो, हे डॉक्टरांना सांगायला लोक लाजतात. निदान मात्र नेमकं त्याच माहितीतून होतं.

कधी कारण औषधांच्या डब्यात असतं. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, ॲल्युमिनियमयुक्त ॲन्टासिड, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं, काही रक्तदाबाची आणि मानसिक आजारांची औषधं बद्धकोष्ठता करतात. ती मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांकडून बदलून घ्यावीत. थायरॉइड कमी पडणं, जुना मधुमेह आणि पार्किन्सन्स या आजारांतही आतडं मंदावतं.

‘गॅस छातीत चढलाय’

दिवसातून 10 ते 20 वेळा वायू सरणं नैसर्गिक आहे. तो डोक्यात चढत नाही. पण छातीत दाब, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, घाम, धाप यांना ‘गॅस’ समजून सोडा पीत बसणं जिवावर बेततं. मधुमेही माणसांत आणि स्त्रियांत हृदयविकाराचा झटका अनेकदा अशाच अपचनासारख्या रूपात येतो. अशा वेळी आधी ईसीजी काढावा.

राहिलं रक्त. मलातून रक्त गेलं की ‘मूळव्याध असेल’ म्हणून लेप आणि जडीबुटीत महिने घालवले जातात. बहुतेकदा ती मूळव्याध किंवा चिराच असतो, पण मोठ्या आतड्याचा कर्करोगही असाच सुरू होतो आणि तो तरुणांनाही होतो. रक्त जाणं, कारण नसताना वजन घटणं, हिमोग्लोबिन उतरणं, पन्नाशीच्या आसपास सवय अचानक बदलणं, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणं, यातलं एक जरी असेल तरी चूर्णाचा डबा बाजूला ठेवा आणि तपासून घ्या. डॉक्टरांची बोटाने केलेली गुदतपासणी दोन मिनिटांत होते. ती केल्याशिवाय कुणी ‘मूळव्याध आहे’ असं सांगितलं, तर तपासणी करा असं स्वतःहून म्हणा.