चुनखडीतला गंधक

काळपट चुनखडीवर हातोडा घातला की कधीकधी सडक्या अंड्यांचा भपकारा येतो. विद्यार्थी नाक मुरडतात. मला मात्र त्या दगडातल्या गंधकाची पुढची गोष्ट सांगायची घाई झालेली असते.

समुद्रात चुनखडी तयार होताना तिच्या स्फटिकांत कार्बोनेटच्या जागी थोडं सल्फेट शिरतं. त्यातल्या गंधकाचे कामाचे समस्थानिक दोन, हलका ३२ आणि जड ३४. प्राणवायूविना सल्फेटवर जगणारे जिवाणू हलक्यालाच आधी हात घालतात. त्यांनी सोडलेला सल्फाइड लोहाशी जुळून पायराइट बनतो, चिखलात गाडला जातो. पाण्यात उरतो तो जड गंधक.

हाच पायराइट प्रयोगशाळेत छळतो. त्याच्या ऑक्सिडीकरणातून हलकं सल्फेट नमुन्यात मिसळलं, की त्या समुद्रातल्या जड-हलक्या गंधकाच्या प्रमाणाचा आकडा फसवा. म्हणून दगडाची भुकटी मिठाच्या पाण्याने पुन्हापुन्हा धुवायची, मग हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवायची, गाळायची, आणि बेरियम क्लोराइड घालायचं. द्रावण दुधाळ होतं, तळाशी बेरियम सल्फेटचा पांढरा साका बसतो. कंटाळवाणं काम, पण तो साका बघायला मला अजूनही आवडतं.

बेंजामिन गिल आणि सहकाऱ्यांनी २०११ साली ‘नेचर’मध्ये सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीच्या, कँब्रियन काळातल्या खडकांचे असे आकडे मांडले. गंधक आणि कार्बन दोन्ही एकदमच जड झालेले! म्हणजे हलका गंधक घेऊन पायराइट आणि हलका कार्बन घेऊन सेंद्रिय गाळ एकाच वेळी भरपूर गाडला जात होता. प्राणवायूहीन, सल्फाइडयुक्त पाणी पसरलं होतं. याच घडामोडीच्या सुरुवातीला ट्रायलोबाइटांच्या अनेक जाती नाहीशा झाल्या. आजच्या समुद्रात सल्फेट मुबलक, त्यामुळे गंधकाचा आकडा इतक्या झपाट्याने हलत नाही. कँब्रियनमध्ये तो हलला, म्हणजे तेव्हाच्या समुद्रात सल्फेट बरंच कमी असणार.