रुपयाच्या चिन्हाची घडण

वाशीच्या बाजारांतील भावफलकांवर दिसणारें ₹ हें चिन्ह एका विद्यार्थ्याच्या हातचें आहे. पूर्वीं आपण ‘रु.’ लिहीत असूं. परंतु रुपया पाकिस्तान, नेपाळ आदि देशांतही चालतो. आपल्या चलनास स्वतंत्र खूण असावी म्हणून भारत सरकारनें २००९ सालीं स्पर्धा जाहीर केली. खाडीपलीकडील पवईच्या आय. आय. टी.मध्यें संशोधन करणारे डी. उदय कुमार यांची आकृति १५ जुलै २०१० रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें मान्य केली.

तिच्यांत देवनागरी ‘र’ आणि उभी दांडी गाळलेला रोमन ‘आर’ हे एकाच आकारांत वाचतां येतात. वरची रेघ ही आपली शिरोरेखा. तिच्याखालीं दुसरी रेघ आल्यानें मध्यें जी कोरी पट्टी उरते, तिच्यामुळें तिरंगा सुचतो; दोन समान रेघांतून बरोबरीचें चिन्हही दिसतें. कोऱ्या कागदासही कामास लावण्याची ही खुबी आम्हांस विशेष वाटते. उदय कुमारांचा अभ्यास तमिळ अक्षरांचा, आणि तमिळला शिरोरेखा नाहीं! आपण रोज सहज ओढतों ती रेघ त्यांच्या नजरेंत म्हणूनच भरली असावी.

२०११ पासून हें चिन्ह नाण्यांवर आलें. वहींत लिहितांना मात्र पुष्कळ जण दुसरी रेघ गाळतात; मग रुपया जाऊन नुसता ‘र’ उरतो.